अग्निशमन कॅडेटांची मोहीम: कोकण किनाऱ्यावर कशी आखावी

ब्रिटनमध्ये अग्निशमन केंद्रांना जोडलेली किशोरवयीन कॅडेटांची पथकं असतात. शिडी, होज आणि प्रथमोपचार शिकता शिकता त्यांतली बरीच मुलं ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्काराच्या पायऱ्या चढतात. हा पुरस्कार १९५६ साली सुरू झाला आणि १९६२ पासून भारतातही आहे. इथं त्याचं नाव ‘इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल’. कोकणात असं पथक उभं करायला फार मोठा व्याप लागत नाही. नगरपरिषदेचं किंवा एमआयडीसीचं अग्निशमन केंद्र, जवळची एक शाळा, आणि स्काऊट-गाईड किंवा एनसीसीत आधीच रुळलेली मुलं एवढं जुळलं की काम सुरू होतं. पुरस्कार मात्र त्यासाठी नोंदलेल्या संस्थेमार्फतच मिळतो. शाळेची नोंदणी नसेल तर आधी ती करून घ्या. नाहीतर मुलं वर्षभर राबतात आणि नोंद कुठेच होत नाही.

पुढचं सगळं पथक चालवणाऱ्या शिक्षकांसाठी आणि केंद्रावरच्या फायरमन मंडळींसाठी आहे.

आधी हिशेब

पुरस्काराचे स्तर तीन. कांस्यसाठी वय किमान १४, रौप्यसाठी १५, सुवर्णसाठी १६, आणि वयाच्या पंचविसाव्या वाढदिवसाआधी सगळं पुरं व्हायला हवं. विभाग चार: सेवा, कौशल्य, शारीरिक खेळ आणि साहसी मोहीम. सुवर्णला यात निवासी प्रकल्पाची भर पडते, म्हणजे अनोळखी मुलांसोबत पाच दिवस आणि चार रात्री.

कांस्यला पहिले तीन विभाग प्रत्येकी तीन महिने करायचे आणि त्यांतला कुठलाही एक आणखी तीन महिने चालवायचा. म्हणजे एकूण सहा महिने. प्रत्येक विभागाला आठवड्याला सरासरी एक तास. ‘सरासरी’ हा शब्द कोकणात फार कामाचा आहे, कारण गणपतीत आठवडाभर आणि शिमग्यात चार दिवस एकही मूल केंद्रावर फिरकणार नाही. तो खंड मुकाट्यानं मान्य करा आणि पुढच्या-मागच्या आठवड्यांत तास भरून काढा. थेट रौप्यला उतरलेल्याला बारा महिने लागतात, थेट सुवर्णला अठरा.

मूल नववीत असतानाच कांस्य उरका. दहावीच्या जानेवारीत पालक मोहिमेला सोडत नाहीत आणि त्यांचं चुकतंय असंही नाही.

जूनमध्ये नोंदणी, पावसाळ्यात केंद्रावर आणि वर्गात शिक्षण, दिवाळीनंतर सराव मोहीम, जानेवारीत पात्रता मोहीम. हा क्रम इथल्या हवेला आणि शाळेच्या वेळापत्रकाला दोन्हीला मानवतो.

सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती नोंदवहीत. काम होतं, पण कधी, किती वेळ आणि काय केलं ते लिहिलेलं नसतं. मग डिसेंबरात एका बैठकीत पाच महिन्यांच्या नोंदी ‘आठवून’ भरल्या जातात आणि मूल्यमापक त्या बरोबर ओळखतो. दर शनिवारी निघण्याआधी दहा मिनिटं नोंदीसाठी राखा, दोन ओळींच्या का असेनात. दुसरी चूक म्हणजे एकच काम दोन विभागांत दाखवणं. प्रथमोपचाराचा वर्ग कौशल्यात धरला तर तोच पुन्हा सेवेत धरता येत नाही.

केंद्रावर काय शिकवायचं आणि काय नाही

एक गोष्ट पहिल्याच दिवशी पालकांसमोर स्पष्ट करा: कॅडेट खऱ्या वर्दीवर, म्हणजे आगीच्या कॉलवर, जात नाही. गाडीत बसून नाही, ‘लांबून बघायला’ म्हणूनही नाही. वणवा विझवायलाही नाही.

होज ड्रिल मुलांना सर्वांत आवडते, म्हणून तिथंच जपावं लागतं. ६३ मिलिमीटरच्या १५ मीटर होजमध्ये सुमारे ४७ लिटर पाणी मावतं. होजचं स्वतःचं वजन धरलं तर पाण्यानं भरलेली एक लांबी पन्नास किलोच्या पुढे जाते, म्हणजे नववीतल्या मुलापेक्षा जड. त्यामुळे मोठा होज मुलांनी कोरडाच हाताळायचा: गुंडाळणं, उलगडणं, कपलिंग जोडणं, वॉशर जागेवर आहे की नाही ते बघणं. पाणी सोडून सराव करायचा तर गाडीवरच्या बारीक होज-रीलवर, आणि दाब फायरमनच्या हातात.

कौशल्य विभागात गाठी घ्या. बोलाईन, क्लोव्ह हिच, फिगर एट आणि शीट बेंड एवढ्या चार डोळे मिटून आल्या तर पुष्कळ झालं. सेवेसाठी कोकणातल्या घरांत एक साधं काम पडलेलंच असतं. गॅसच्या रबरी नळीवर तारीख छापलेली असते आणि ती नळी पाच वर्षांनी बदलायची असते. वाडीतल्या घरोघरी जाऊन ती तारीख वाचायची, वहीत लिहायची आणि घरच्यांना सांगायची. आठवड्याला सहा-सात घरं सहज होतात. नळीला किंवा रेग्युलेटरला हात मुलांनी लावायचा नाही, फक्त वाचायचं. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १९४४ साली १४ एप्रिललाच मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना दलाचे कितीतरी जवान गेले. या आठवड्यात केंद्रालाही माणसं हवी असतात. सेवेचे तास तिथं भरता येतात.

मोहिमेला हेतू हवा: पाण्याचा नकाशा

साहसी मोहीम म्हणजे सहल नव्हे. गट चार ते सात जणांचा, वाहन नाही, ओझं आपापलं, आणि निघताना ठरवलेला एक हेतू. कांस्यला दोन दिवस आणि एक रात्र, रोज किमान सहा तास त्या हेतूचं काम. रौप्यला तीन दिवस, रोज सात तास. सुवर्णला चार दिवस, रोज आठ तास. झोप, स्वयंपाक आणि जेवण या तासांत धरत नाहीत.

‘निसर्गनिरीक्षण’ असा हेतू लिहून मोकळं होण्याचा मोह टाळा. अग्निशमन कॅडेटांसाठी कोकणात याहून चांगला हेतू समोरच आहे. वाड्या डोंगरउतारावर पसरलेल्या, घराघरांना जोडणाऱ्या जांभ्याच्या पाखाड्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटा, त्यावरून सायकलही जात नाही, आणि होज जोडायचा हायड्रंटचा नळ कुठेच नाही. पाच हजार लिटरची गाडी आली आणि मिनिटाला साडेचारशे लिटर फेकणारी एक धार चालली तर टाकी अकरा मिनिटांत रिकामी. मग पाणी कुठून? हे वाडीतल्या माणसाला माहीत असतं, पण केंद्रावरच्या कागदावर नसतं. वाटेतल्या विहिरी, तळी, साकवाखालचे वहाळ आणि नळपाणी योजनेच्या टाक्या मोजून, नकाशावर मांडून केंद्राला आणि ग्रामपंचायतीला द्यायच्या. याला हेतू म्हणतात.

विहीर मोजायची पद्धत नीट शिकवा, कारण सगळा नकाशा तिच्यावर उभा आहे. वीस मीटर नायलॉनची दोरी घ्या. सुती नको, ती भिजली की आखडते. दर मीटरला गाठ, दर पाच मीटरला लाल चिंधी. टोकाला अर्धा लिटरची प्लास्टिकची बाटली, तळाशी दोन मुठी वाळू घालून झाकण घट्ट. दगड बांधू नका. दगड पाण्यात बुडत जातो, दोरी ताणलेलीच राहते आणि आकडा हमखास जास्त येतो. बाटली तरंगते, त्यामुळे पाण्याला टेकल्याक्षणी दोरी हातात सैल पडते. तिथं कठड्याच्या कडेला चिमटीत धरायचं, वर ओढून गाठी मोजायच्या. दुसऱ्यांदा सोडून पुन्हा मोजायचं. दोन आकड्यांत एका गाठीहून जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा.

हा आकडा कशासाठी? गाडीचा पंप पाणी ‘ओढतो’ म्हणतो आपण, पण खरं तर बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. कागदावर ही मर्यादा दहा मीटरच्या थोडी पुढे जाते, प्रत्यक्षात सात मीटरच्या खालचं पाणी पंपाला उचलत नाही. कोकणातल्या कितीतरी विहिरी जानेवारीतच याच्या खाली जातात. आकड्यातून कठड्याची उंची वजा करायची, आणि पंपाचं तोंड जमिनीपासून मीटरभर उंच असतं ते मिळवायचं. कठडा कमरेएवढा असेल तर दोन्ही फिटतात आणि दोरीवरचाच आकडा धरता येतो.

मग गाडी कुठवर येते ते बघायचं. पाणी ओढायचा सक्शन होज जाड, ताठ, आणि तुकडे जेमतेम अडीच-तीन मीटरचे. त्यामुळे गाडी विहिरीच्या अगदी कडेला लागावी लागते. विहीर रस्त्यापासून वीस मीटर आत असेल तर ती गाडीच्या उपयोगाची नाही. वेगळा हलका पंप उचलून नेता येईल का, एवढंच लिहायचं. रस्त्याची रुंदी टेपनं मोजा, आणि ती वळणावर मोजा, सरळ भागात नको. तीन मीटरहून अरुंद वळण आलं की तिथं गाडी थांबली असं समजून पुढचं अंतर होजच्या लांब्यांत लिहा. १२० मीटर पाखाडी म्हणजे आठ लांब्या, आणि फाटली तर म्हणून एक जादा. चढही लिहायचा, कारण दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब खर्ची पडतो.

बिनकठड्याच्या विहिरीजवळ जायचंच नाही. मालकाला विचारून ‘पाणी किती खोल’ ते लिहा आणि पुढे ‘सांगीव’ अशी खूण करा. कठडा असला तरी मोजणारा दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभा राहील, आणि दुसरा त्याच्या मागे, त्याच्या पट्ट्याला हात घालून. एका विहिरीला बारा-पंधरा मिनिटं लागतात. दिवसाला आठांहून जास्त धरू नका, नाहीतर शेवटच्या तीन अंदाजानं भरल्या जातात. घरात शिरण्याआधी बाहेरून हाक मारायची आणि काय करतोय ते सांगायचं. वाडीतली म्हातारी माणसं दोरी बघून आधी ओरडतात, मग स्वतःच चार विहिरींचा इतिहास सांगत बसतात. तो लिहून घ्या, कारण मे महिन्यात कुठली आटते ते त्यांनाच ठाऊक.

तारीख पंचांगातून काढा

किनाऱ्यावरच्या मोहिमेत वेळ ठरवते ती भरती-ओहोटी. शाळेच्या सोयीनं शनिवार-रविवार धरला आणि नेमकी सकाळी भरती लागली, तर पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून, चालायचा भाग मऊ, कोरड्या वाळूतून चालावा लागतो. दोन तासांत मुलं थकतात आणि दिवसाचं सगळं गणित कोलमडतं.

कोळ्यांचा जुना आडाखा आजही कामाला येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. पूर्ण ओहोटी त्याच्या सव्वासहा तास आधी किंवा नंतर. रोज वेळ सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. दक्षिणेकडे, रत्नागिरी-मालवणकडे, भरती मुंबईच्या थोडी आधी लागते. म्हणून आडाख्यावरून तारीख निवडा आणि वेळ मात्र त्या ठिकाणच्या छापील भरती-तक्त्यावरून पक्की करा.

आपल्याला ओहोटी हवी सकाळी साडेआठ-नऊला. म्हणजे भरती दुपारी पावणेतीन-तीनला. म्हणजे चतुर्थी आणि पंचमी. दोन दिवसांची कांस्य मोहीम याच जोडीवर बसवा. पहिल्या दिवशी ओहोटी पावणेनऊच्या आसपास, दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या. दोन्ही दिवशी सकाळी ओली, घट्ट वाळू पायाखाली मिळते आणि दुपारी पाणी चढतं तेव्हा मुलं सड्यावर (वरच्या खडकाळ पठारावर) किंवा गावात विहिरी मोजत असतात. उधाण उतरलेलं असतं, हा आणखी एक फायदा. मात्र वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी, आणि बरीच मुलं उपवास धरतात. चंद्रोदयापर्यंत उपाशी राहून पाठीवर दहा किलो घेऊन चालता येत नाही. एक तर शुद्ध पक्षातली जोडी घ्या, किंवा घरच्यांशी आधीच बोलून ठेवा.

पाणी सारख्या वेगानं चढत नाही, हे मुलांच्या मनावर ठसवा. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी येतं. पहिला तास संथ जातो, म्हणून पुढेही असंच असेल असं वाटतं, आणि खडकाळ टोकाला वळसा घालणारे तिथंच कोंडले जातात. नियम सरळ ठेवा: पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी पुळणीवर उतरायचं, ओहोटीनंतर दीड तासात वर यायचं. टोकाला वळसा घालायचा तर फक्त पाणी उतरत असताना.

महिने मध्य-नोव्हेंबर ते जानेवारीअखेर. ऑक्टोबरात परतीच्या पावसाच्या विजा उघड्या सड्यावर पडतात आणि तिथं लपायला झुडूपही नसतं. फेब्रुवारीच्या मध्यापासून दमट उकाडा सुरू होतो, आणि सड्यावरचं गवत वाळून वणव्याचे दिवस येतात.

मार्ग

दिवसाला १० ते १२ किलोमीटर पुरेत. नकाशा पाहून मोठी माणसं नेहमी २० आखतात. घट्ट वाळूवर पाठीवर ओझं घेतलेला गट ताशी तीन किलोमीटर चालतो, मऊ वाळूत दोन. आणि विहिरी मोजायला वेळ हवाच.

गुहागर ते हेदवी हा पट्टा शिकायला उत्तम आहे. गुहागरची लांब, सपाट पुळण असगोलीकडे जाते, मग टेकाड चढून पालशेत, पुढे वेळणेश्वर, पुढे हेदवी. समुद्र, खाडीचं तोंड, सडा आणि माडांच्या वाड्या असं सगळं एकाच मार्गात भेटतं. दोन दिवसांत सलग सगळा चालायचा हट्ट नको, त्यातला तुकडा निवडा. हेदवीच्या बामणघळीत भरतीच्या वेळी पाणी फटीतून उसळतं. ते दुरूनच बघायचं, ओल्या खडकावर उतरायचं नाही.

तवसाळ-जयगड किंवा दाभोळ-धोपावे अशी जंगलजेटी (खाडीतली फेरीबोट) मार्गात आली की प्रश्न उभा राहतो, कारण मोहिमेत इंजिनावरचा प्रवास चालत नाही. मूल्यमापकाशी आधी बोलून तेवढा तुकडा वगळून घेता येतो, पण मोठी खाडी ओलांडावी लागणार नाही असा मार्ग आखणं सोपं. लहान वहाळाचं तोंड ओलांडताना पाणी गुडघ्याच्या वर असेल तर परत फिरायचं. पाण्यात उतरण्याआधी सॅकचा छातीचा आणि कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे तोल गेला तर सॅक टाकून देता येते. पाय उचलून टाकायचा नाही, घासत न्यायचा. वाळूत पाकट बसलेली असते, ती अशानं सरकते. खाजणाच्या चिखलातून ‘जवळची वाट’ कधीही काढायची नाही. कालवांनी मढलेल्या खडकावर अनवाणी पायाचं काय होतं ते सांगायला नको.

नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचा, १:५०,०००. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. होकायंत्र धरताना मोबाइल दुसऱ्याच्या हातात द्या. फोनच्या स्पीकरमधलं चुंबक सुई फिरवतं आणि मुलं नकाशाला दोष देतात. सराव मोहीम असल्याच प्रकारच्या भागात घ्या, पण हाच मार्ग नको, नाहीतर पात्रता मोहिमेत नकाशा कुणी उघडणारच नाही.

पाठीवरचं ओझं आणि चूल

सॅक शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागाएवढी, फार तर चौथ्या. ४५ किलोच्या मुलाला नऊ ते अकरा किलो. निघायच्या आदल्या दिवशी केंद्रावर वजनकाट्यावर ठेवा. दोन जादा जीन्स, अभ्यासाचं पुस्तक आणि घरून आलेला लाडवांचा डबा तिथंच बाहेर निघतो. लाडू सगळ्यांत वाटून टाका.

पिण्याचं पाणी डोक्याला दिवसाला चार लिटर, स्वयंपाकाला दोन. सगळं एकदम वाहायचं नाही, भरायच्या जागा मार्गावर आधी ठरवा आणि पाणी उकळून किंवा क्लोरीनच्या गोळीनं शुद्ध करून घ्या. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धी पुडी अंदाजानं ग्लासात टाकली तर क्षारांचं प्रमाण बिघडतं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

रात्रीच्या जेवणाला भात आणि कुळथाची पिठी. सहा जणांना सातशे ग्रॅम तांदूळ, दीडशे ग्रॅम कुळथाचं पीठ आणि दीड लिटर पाणी. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं. उकळत्या पाण्यात थेट टाकलं की गोळे होतात आणि ते फोडता फोडता खालून करपतं. दोन आमसुलं, लसूण, मीठ. सकाळी पोहे, वाटेत गूळ-शेंगदाणे. मोठ्यांनी स्वयंपाकाला हात लावायचा नाही. भात कच्चा राहिला तर मुलं कच्चा खातील.

लाकडाची चूल नको. गॅसच्या लहान कॅनिस्टरचा स्टोव्ह बरा, पण वाऱ्यापासून आडोसा करताना पत्रा पूर्ण गोल गुंडाळायचा नाही, कॅनिस्टर आतल्या आत तापतो. स्पिरिटच्या स्टोव्हची ज्योत उन्हात दिसत नाही. ‘विझलाय’ समजून वरून स्पिरिट ओतलं जातं आणि भडका बाटलीपर्यंत येतो. स्टोव्ह झाकून विझवायचा, हात लावता येईल इतका गार होईपर्यंत थांबायचं, मगच भरायचा. स्टोव्ह सपाट जांभ्या दगडावर, तंबूपासून तीन मीटर, शेजारी भरलेली बादली आणि भिजवलेलं गोणपाट. अग्निशमनच्या कॅडेटांनी तंबू जाळला तर वर्षभर ऐकून घ्यावं लागेल.

वारा लक्षात घ्या. दुपारी आणि संध्याकाळी खारा वारा समुद्राकडून येतो, रात्री उशिरा मतलई वारा जमिनीकडून सुटतो. संध्याकाळी तंबूच्या जमिनीकडच्या बाजूला मांडलेला स्टोव्ह सुरक्षित असतो. पहाटे चहाला तोच तिथंच पेटवला तर ठिणगी सरळ तंबूवर.

मुक्काम

सुरूच्या बनात तंबू बघायला छान दिसतो, पण खाली सुकलेल्या सुयांची गादी असते आणि ती क्षणात पेटते. माडाखाली तर नकोच. वाऱ्याशिवायही झावळी पडते आणि नारळ तर पडतोच. पुळणीवर कालच्या भरतीनं सोडलेली काटक्या-शेवाळाची रेघ दिसते. तिच्या बऱ्याच वर, बांधापलीकडे जा. वेळास आणि आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर थंडीत कासवं अंडी घालतात. तिथं पुळणीवर मुक्काम नाही आणि रात्री टॉर्चही नाही. केंद्र सरकारनं संरक्षित केलेल्या किल्ल्यांत रात्री राहता येत नाही. सर्वांत चांगली जागा म्हणजे शाळेचं पटांगण किंवा देवळाची धर्मशाळा. सरपंच आणि मुख्याध्यापकांना पंधरा दिवस आधी लेखी पत्र द्या. एक प्रत स्थानिक पोलीस ठाण्याला. मुली असतील तर सोबत महिला शिक्षिका हवीच, आणि मोठी माणसं एकूण किमान दोन.

लांबून नजर

मोठ्यांना सर्वांत अवघड जातं ते मागे राहणं. गट स्वतः चालतो, स्वतः चुकतो, स्वतः वाट शोधतो. मोठे ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळी भेटतात. दीड-दोन तासांच्या अंतरानं असे बिंदू ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या कागदावर एकच वेळ लिहा. खाडीच्या खोलग्यात फोन लागत नाही, म्हणून ‘फोन करू’ ही योजना होत नाही. गट अर्धा तास उशिरा असेल तर एक जण मागच्या बिंदूकडून चालत निघतो, दुसरा जागेवर थांबतो. तासाभरात भेट नाही झाली तर ११२. समुद्राकडचा प्रकार असेल तर सागरी पोलिसांचा १०९३ किंवा तटरक्षक दलाचा १५५४. रुग्णवाहिका १०८, आग १०१. हे आकडे सॅकच्या आतल्या झाकणावर पक्क्या शाईनं लिहा. संकटाची शिट्टी मिनिटाला सहा, मग मिनिटभर शांतता, मग पुन्हा सहा.

सड्यावर फुरसं असतं. लहान, मातकट, दगडाच्या रंगात मिसळलेलं. दगड हातानं उलटायचा नाही, अंधारात टॉर्च आणि बूट घातल्याशिवाय पाऊल नाही, सकाळी बूट आपटून मगच घालायचे. चावलं तर तो अवयव न हलवता पट्टी बांधून स्थिर ठेवा, मुलाला चालवू नका आणि थेट प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या. कापणं, चोखणं, घट्ट दोरी आवळणं यांतलं काहीही नाही. जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कुठलं आणि तिथं प्रतिसर्पविष आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारा. लाल विंचवाचा दंशही हलक्यानं घेऊ नका. कोकणात पूर्वी त्यानं मुलं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रुळवल्यावर चित्र बदललं, पण ते औषध वेळेत मिळालं तरच. घाम फुटून हातपाय गार पडले की लगेच रुग्णालय.

उन्हाचं वेळापत्रक सोपं आहे. सातला निघायचं, अकराला थांबायचं, साडेतीनला पुन्हा सुरू, सहाला मुक्काम. यात सहा तास आरामात भरतात.

परतल्यावर

दोन-तीन दिवसांत गटाला एकत्र बसवा, तेव्हा आठवणी ताज्या असतात. काय चुकलं ते मुलांना सांगू द्या. मोठ्यांनी शेवटी, आणि थोडक्यात. अहवाल गटाचा एकच असतो: मार्ग, हेतू, विहिरींचा तक्ता, नकाशा. मूल्यमापकाची सही त्याच आठवड्यात घ्या. बदली झालेल्या शिक्षकाची सही मिळवायला सहा महिने जातात.

तंबू गोड्या पाण्यानं धुवून सावलीत वाळवा. खाऱ्या हवेनं चेन धरते आणि पुढच्या वर्षी त्याच तंबूचं दार अर्धंच लागतं.

तक्त्याची एक प्रत केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये भिंतीवर लावा, एक ग्रामपंचायतीत द्या. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात परीक्षा संपलेल्या असतात आणि पाणी तळाला गेलेलं असतं. तेव्हा गटातल्या दोघांना मोठ्या माणसासोबत गाडीनं त्याच विहिरींवर पाठवा. तीच दोरी, तीच बाटली. नवे आकडे त्याच तक्त्यात, लाल शाईनं.